माझं वाकणं आणि चाळीस लाख चाहते

३ मार्च, सकाळ
शेवटी देशाला माझी आठवण झाली! मिसोचं सार पीत होतो, तर नागिसाने फोन पुढे केला. म्हणे, बाबा, तुम्ही व्हायरल झालात. बघतो तर ऐन उमेदीतला मी. आमचा कामोमे फुटबॉल क्लब खालच्या विभागात घसरला त्या दिवशीचा. सामना संपल्यावर सगळे ओळीने प्रेक्षकांपुढे माफी मागायला वाकलो, रिवाजाप्रमाणे. बाकीचे सरळ झाले, मी वाकलेलाच. चाळीस लाख लोकांनी पाहिलंय. खेळ कुठेच दिसत नाही, पण जाणकाराला बचावपटू वाकण्यातूनही कळतो.

५ मार्च
सार गार झालं. दर पाच मिनिटांनी आकडा बघतोय. नागिसा म्हणते, ऑफिसला उशीर झाला की लोक ही क्लिप साहेबाला पाठवतात. म्हणजे घराघरांत पोचलो. मित्सुए म्हणाली, अहो, माझ्यापुढे एकदा वाकला असतात तर चाळीस लाखांची गरजच नव्हती. बायकोला नवऱ्याची किंमत नसते.

८ मार्च
ठरलं. स्वतःचा चॅनल काढायचा, बचावाचे धडे द्यायचे. क्लब बघेल, मला ज्युनिअर संघाचा प्रशिक्षक नेमेल. मग हा सुक्या माशांचा कारखाना सुटला. सुगियामासाहेबांना सूचक बोललो. ते म्हणाले, आधी खोकी भर.

१२ मार्च
पहिला धडा टाकला. एकतीस जणांनी पाहिला, त्यातले निम्मे मीच. एकाने विचारलंय, वाकताना हात कुठे ठेवायचे? नव्या पिढीचा पायाच कच्चा. उद्यापासून पहाटे धावणार.

१३ मार्च
पाऊस.

१४ मार्च
पाऊस नव्हता, पण येईलसं वाटत होतं.

२० मार्च
क्लबचा फोन! व्यवस्थापक ओरितो स्वतः बोलला. एके काळी माझे बूट उचलायचा, अजूनही सेनपाई म्हणतो, म्हणजे थोरला. म्हणाला, सेनपाई, रविवारी सामन्याला या, सूट घालून. सूट! म्हणजे नेमणूकच. मित्सुए म्हणाली, काम काय ते विचारलंत का? असलं विचारायचं नसतं. दुपारीच सुगियामासाहेबांना राजीनामा दिला. ते म्हणाले, नेमणुकीचं पत्र तरी येऊ दे की. मी हसलो.

२४ मार्च, रविवार
क्लबने पार्किंगचे दर दुप्पट केलेत. लोक खवळलेले. ओरितोने मला मैदानाच्या मधोमध उभं केलं आणि माईकवर म्हणाला, आमच्या वतीने माफी मागताहेत तोकुराबारा! वाकलो. काय करणार? अख्खं मैदान माझं नाव घेऊन ओरडलं. खेळत होतो तेव्हा कधी कुणी घेतलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, म्हणून जरा जास्तच वेळ वाकून राहिलो. लोकांना ते फार आवडलं.
नंतर ओरितोला ज्युनिअर संघाचं विचारलं. म्हणाला, त्या जागेवर जानेवारीतच माणूस घेतला. पण पुढच्या माफीला तुम्हीच, सेनपाई.
घरी आलो. मित्सुएने सूट कपाटात ठेवला आणि कारखान्याचा डगला बाहेर काढला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

२५ मार्च
सकाळी कारखान्यात गेलो. सुगियामासाहेबांपुढे वाकलो. चुकलो म्हटलं, नोकरी परत द्या. या वेळी मनापासून वाकलो, लाज वाटत होती. जरा वेळाने मान वर केली. साहेब फोनचा कॅमेरा माझ्यावर धरून उभे. म्हणाले, अरे, उठलास कशाला? बायकोला दाखवायचं होतं.
पुन्हा वाकलो.