टेकडीवरचा तुझा आवाज

हापाई, टोंगा

प्रिय सेमिसी,

तुझ्या भावाच्या थडग्यावर काल नवी पांढरी वाळू पसरली. समुद्र इतका निवांत आहे की होड्या हवेत टांगल्यासारख्या दिसतात. अशा दिवशी वाऱ्याची खबर कुणाला हवी? तरी लोक रेडिओ लावून बसतात. गेल्या वर्षी भावाच्या मातीला आलास तेव्हा टेकडीवर तू बसवलेला तो संगणक अजून वारा मोजतो आणि तुझ्या आवाजात कोळ्यांना सांगतो.

फक्त बेटाची वीज गेली की तो मुका व्हायचा. वीज आली की त्यातलं लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली, आपसूक जागं व्हायचं, पण वारा सांगायला लावणारी तू लिहिलेली स्क्रिप्ट कुणीतरी हाताने सुरू करेपर्यंत निजलेलीच. कुणीतरी म्हणजे मी. ताटातलं रताळं टाकून, चर्चमधलं गाणं अर्ध्यावर सोडून टेकडी चढायची. कोळ्यांतला फिलिमोने होडीतून चिडवायचा, "मेलेनाइते, तू उठलीस की वारा उठतो." मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

यंदा ठरवलं, त्याला आपलं आपण उठायला शिकवायचं. शाळेतली ओफा मास्तरीण मदतीला आली. सुरू होताना काय काय चालवायचं, याच्या सूचना लिनक्स एका जागी ठेवतं. तिथे आम्ही छोटी फाइल लिहिली आणि दर वेळी ही स्क्रिप्ट चालव असं बजावलं. वीज काढली, परत लावली. काही नाही. एरवी मी स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये जाऊन ती चालवायची. नुकत्याच उठलेल्या यंत्राला ती जागा कुठून ठाऊक? पूर्ण पत्ता लिहून दिला. मग ते रेडिओ तयार व्हायच्या आधीच बोलून मोकळं. "माझ्या नवऱ्यासारखं आहे हे, मावशी," ओफा म्हणाली, "कुठे जायचं ते सांगा, आणि थांबायचं कधी तेही सांगा." मग थांबायचंही लिहिलं.

मंगळवारी फिलिमोनेबरोबर प्रवाळाच्या कडेपर्यंत गेले. मध्येच होडीतला रेडिओ गप्प झाला; गावातली वीज गेली होती. सवयीने त्याने होडी किनाऱ्याकडे वळवली. मी म्हटलं, राहू दे. आम्ही तरंगत राहिलो. पाण्याखाली निळे मासे झोपेतल्यासारखे फिरत होते, माझा हात पाण्यात होता. बऱ्याच वेळाने खरखर झाली आणि तू बोललास, "वारा आग्नेयेचा, मंद." टेकडीवर कुणीच नव्हतं. फिलिमोने माझ्याकडे बघत राहिला, आणि मी दुसरीकडे.

गेल्या वर्षी परत जाताना धक्क्यावर तू म्हणालास, "माझ्याबरोबर ऑकलंडला चल." मी म्हटलं, "मग वारा कोण सांगेल?" तू मान हलवलीस आणि बोटीत चढलास. त्याला आपलं आपण उठवायचं हे एवढंसं काम तुला तेव्हाच करता आलं असतं, हे आता कळतंय. तू केलं नाहीस. मला नाही म्हणायला जागा हवी होती, ती तू राहू दिलीस. म्हणून हे पत्र. पुन्हा विचारू नकोस. पुढच्या बोटीने मी मोठ्या बेटावर निघते आहे, तिथून विमानाने ऑकलंडला. न्यायला ये, आणि येताना काहीतरी लोकरीचं आण. तिथल्या थंडीचं मला काहीच ठाऊक नाही.

वर्षभर हे लिहायचं टाळलेली, पण तुझीच,
मेलेनाइते