दादाच्या गेममधला कुत्रा

बाबा,

मी ड्यूटीवर निघाले. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या.

दादा जाऊन वर्ष झालं, म्हणून आज त्याच्या गेमची वर्गणी बंद करायला बसले, तर कळलं की तुम्ही रोज त्याच्या नावानं आत जाता. वर्गणीत सगळं फुकट म्हणे, आणि गेममधल्या त्याच्या कुत्र्याचं खाणं मात्र वेगळं विकत! नाही घातलं की तो दारात बसून विव्हळतो. त्या गेमवाल्या नालायकांना आपली दुखरी नस बरोबर सापडलीय.

मी रागानं ‘बंद करा’ दाबलं. कुत्रा पडद्यावर आला. खाली अक्षरं उमटली, ‘मला सोडून चाललास?’

पुढचं बटण मला दाबवेना.

आजचं खाणं मी घातलंय, बाबा. तुम्ही पुन्हा घालू नका.