मधल्या टेबलावरचा पसारा

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. (पेन खाली पडलं म्हणून वाकलेच होते, तेवढ्यात तोही उरकून घेतला.) तुझा गुडघा कसा आहे? पायडल मारू नका असं डॉक्टर म्हणाले, म्हणून तू आता हाताने काजं करत बसली असशील, मला माहीत नाहीस का तू! इकडे आम्ही मजेत. मी तर इतकी मजेत की पंधरा दिवसांनी काल प्रथमच पोटभर जेवले, आणि ते तुझ्यामुळे. कसं ते सांगते. जरा लांबण लागेल, पण तुला सध्या उठून जाता येत नाही, तेव्हा ऐक.

आम्ही चौघं मिळून नवजात बाळांच्या वॉर्डासाठी एक यंत्र करतोय, हे तुला ठाऊक आहेच. बाळाचा श्वास अडखळला की त्याने लगेच अलार्म द्यायचा. आमचा अलार्म मात्र मधूनच अर्धा सेकंद उशिरा वाजायचा. अर्धाच म्हणा, पण एवढ्याशा जिवाला तो कुठून आणून देणार? शुक्रवारच्या चाचणीत एकदा जरी उशीर झाला तरी यंत्र अडगळीत आणि आमची टीम बंद, असं साहेबांनी हसत हसत सांगितलं. (ते हसले की समजायचं, काही खरं नाही.)

आता हे यंत्र म्हणजे तुझं दुकान समज. आत एका चिपवर चार कोअर, म्हणजे तुझे चार शिंपी. मागच्या खोलीतलं कपाट म्हणजे मेमरी. तिथे सगळं असतं, पण दरवेळी उठून जावं लागतं. आणि मधलं मोठं टेबल चौघांचं सामायिक, त्याला आम्ही कॅश म्हणतो. टेबल भरलं की नवीन सामान आणणारा जुनं काहीतरी उचलून कपाटात धाडतो, ते कोणाचं आहे हे विचारतसुद्धा नाही. अलार्मचं सामान असं कपाटात गेलं की तो बिचारा हेलपाटे घालत बसतो, आणि तिकडे बाळ वाट बघतं.

एका कोअरवर आमच्या टीममधल्या चष्मेवाल्याचा अलार्म, दुसऱ्यावर त्या बडबडी पोरीचे आलेख, तिसऱ्यावर घुम्याच्या नोंदी. चौथ्यावर माझा देखरेखीचा प्रोग्राम. (मी टीमची प्रमुख, कोणीतरी लक्ष नको का ठेवायला?) पसारा बडबडीचाच, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. तिच्या आलेखांना सोळा रंग! मी तिला सगळ्यांदेखत झापलं. मग टेबलाचे चार भाग पाडले आणि देखरेखीचं काम जबाबदारीचं म्हणून निम्मं टेबल स्वतःकडे घेतलं. उशीर दुप्पट झाला. मग मी घुम्यालाही झापलं.

बुधवारी रडकुंडीला येऊन तुला फोन केला. तू तोंडातल्या टाचण्याही न काढता सगळं ऐकलंस आणि एवढंच विचारलंस, एकदा हाताळलं की पुन्हा लागत नाही असं सामान टेबलावर कोण मांडतं गं? तुझ्या दुकानात अस्तराचा तागा टेबलावर कधी चढत नाही. कपाटातून काढायचा, हवं तेवढं कापायचं, परत कपाटात. मी फोन ठेवला आणि थेट माझाच प्रोग्राम उघडला. कारण माझा देखरेखवाला प्रोग्राम पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या नोंदी एकेकदा चाळायचा, पुन्हा त्यांच्याकडे ढुंकूनही बघायचा नाही, आणि जाताना सगळं टेबलावर पसरून ठेवायचा. मीच होते ती, आत्या.

त्याच दुपारी माझं सामान टेबलाला वळसा घालून नेलं. अलार्मला त्याचा हक्काचा कोपरा दिला, उरलेलं टेबल बाकीच्यांना. शुक्रवारी तीनशे वेळा चाचणी झाली आणि तीनशे वेळा अलार्म वेळेवर वाजला. यंत्र पुढच्या महिन्यात वॉर्डात जातंय. तुझे उपकार कसे फेडू ते मला कळत नाही, आणि फेडायची घाईही नाही. मला सगळं काम तूच शिकवलंस, मीच ते भलत्याच नावांनी पुन्हा शिकत बसले.

तुझी,
उशिरा का होईना पण ताळ्यावर येणारी भाची

ता. क. युक्ती कोणाची, असं साहेबांनी विचारलं. मी म्हणाले, बाहेरच्या एका ज्येष्ठ तज्ज्ञांची. (यात खोटं काय आहे?) त्यांना आता तज्ज्ञांचं तासभर व्याख्यान हवंय, येत्या बुधवारी. गाडी पाठवतो म्हणालेत. गुडघा दुखत असेल तर बसून बोल.

दुसरा ता. क. व्याख्यान हे निमित्त गं. पसारा माझा होता हे त्या तिघांना अजून माहीतच नाही. बडबडीने सोळाचे चार रंग केले आणि वर माझीच माफी मागितली. आणि मी तिला म्हणाले, असू दे. असू दे म्हणाले, आत्या! तेव्हापासून तिच्याकडे बघवत नाही. बुधवारी तुझी ओळख करून देताना सगळ्यांसमोर सांगणार आहे. एकटीने तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा चहाबद्दल बोलून परत आले. तू समोर बसलीस की मला खोटं बोलता येत नाही. म्हणून ये.