बर्गनला आता पाऊस पडत नाही

३ मे
ही वही मी कामाला आहे त्या हॉटेलच्या एका खोलीत कुणीतरी टाकून गेलं होतं. लिहिलेली पानं फाडली, बाकी कोरी निघाली. मला लिहायची हौस नाही, शाळेतही नव्हती. पण नवऱ्याशी, ओडवारशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, आणि भिंत निदान उगाच मान तरी डोलवत नाही.

लेकीचा, तोरुनचा, स्टॉकहोमहून फोन. तिथलं घर सोडतायत. खाली मोठा रस्ता, वर पियानो शिकणारं कार्टं. तान्ही तुवा दिवसा झोपतच नाही. तोरुनचा आवाज ऐकला तर तीही झोपलेली नाही. जावयाचं काम घरूनच चालतं, म्हणून आता दोन आज्यांपैकी एकीजवळ राहायला जायचं. इथे बर्गनला माझ्याजवळ, नाहीतर गोथेनबर्गला त्याच्या आईजवळ. महिनाअखेर ठरवणार म्हणे.
ठरवायचं काय त्यात? पोरगी माझी.

विहीणबाईंचं नाव गुनिला. मला तिचा हेवा वाटत नाही. हेवा वाटण्यासारखं तिच्याकडे आहे काय? सफरचंदाची झाडं, काचेचा व्हरांडा, एक होडी आणि या वयात तसली कंबर. बस्स.

४ मे
आजही कडकडीत ऊन. देव पावला. ऑफिसं सोडून लोक भिंतींना टेकून डोळे मिटून बसलेत, पालींसारखे. मीही अंगणात खुर्ची टाकली. मला ऊन फार आवडतं. ओडवारला काळा चष्मा लावून बसवला, फोटो काढले, तोरुनला पाठवले. मग डोकं दुखायला लागलं, मानेवर पुरळ उठलं. आत येऊन पडदे ओढले.
पण ऊन आवडतं.

५ मे
हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरी घड्या करता करता सगळ्या शहरांचा विचार करून टाकला. लॉन्ड्री तळघरात, खिडकी नाही, त्यामुळे डोकं चांगलं चालतं.
स्टॉकहोम: ऊन आहे, पण थंडी हाडाला चावते.
हेलसिंकी: समुद्र गोठतो. माणसंही गोठलेलीच, तोंड उघडत नाहीत.
कोपनहेगन: इथे मी स्वतः गेलेय, बोटीने. वारा असा की टोपी पाण्यात गेली. अजून तिथेच असेल.
ऑस्लो: उन्हाळ्यात डांबर वितळतं, लोकांची मिजास वितळत नाही.
गोथेनबर्ग: पाऊस आणि गुनिला.
बर्गन: मागाहून लिहीन.

८ मे
कालपासून लागलाय. लागायचाच. खोल्यांतून पाहुण्यांच्या ओल्या मोज्यांचे ढीग येतायत.
तोरुनने विचारलं, हवा कशी आहे? मी म्हटलं, काय सांगू, लख्ख. आणि चार तारखेचा एक फोटो पाठवला. हे खोटं नव्हे. ऊन आमचंच, अंगण आमचं, नवराही माझाच. फक्त तारीख जुनी.

११ मे
सगळ्यांचा मिळून फोन, तोंडं दिसतात तसला. गुनिला व्हरांड्यात बसलेली. म्हणाली, आमच्याकडे सकाळपासून नुसता कोसळतोय, कोपऱ्यातल्या पत्र्यावर असा वाजतो की रेडिओ ऐकू येत नाही. मी मनात हसले. काय मूर्ख बाई! मासा विकायला बसल्यावर आपणच सांगतं का कुणी, शिळा आहे म्हणून?
योआकिमने विचारलं, आणि तुमच्याकडे, आई? मी म्हटलं, ऊन, जावईबापू. नुसतं ऊन. बर्गन पूर्वीचं राहिलं नाही, ढग आता डोंगरापलीकडेच रिकामे होतात.
नेमका तेव्हाच ओडवार माझ्या मागून गेला. पिवळा रेनकोट, टोपीवरून पाणी गळतंय. योआकिम म्हणाला, बाबा भिजले का? मी म्हटलं, आंघोळ करून आलेत. रेनकोट घालून? म्हटलं, वय झालंय त्यांचं.
तोरुन हसली नाही. झोप नसली की माणूस हसत नाही.
आजपासून ठराव: फोन चालू असताना ओडवारने स्वयंपाकघरातच राहायचं.

१३ मे
बाबागाडी आणली. जुनी, निळी, दांडगी. चाकं मोठी, वर जाड कापडाचा टप. पोराला दुपारी बाहेरच झोपवलं पाहिजे. मी तोरुनला बर्फातसुद्धा बाहेर झोपवली, लोकरीत गुंडाळून, नाकाचा शेंडा तेवढा बाहेर. हल्लीच्या पोरी थर्मामीटर घेऊन बसतात. असो. गाडी मागच्या अंगणात ठेवली आणि भिजू नये म्हणून वर ताडपत्री.

तोरुनला गाडीबद्दल सांगितलं. ती म्हणाली, आई, आपल्या मागच्या अंगणात अजून तसा पाऊस वाजतो का गं? मी लहान असताना वाजायचा तसा?
टोमणा! पोटच्या पोरीने टोमणा मारला. गुनिलाच्या पंगतीत बसलं की हे असं होतं. मी म्हटलं, कुठला पाऊस? पाऊस गेला. किती वेळा सांगू?
तिने फोन ठेवला. पोर रडत असेल.

१७ मे
राष्ट्रीय दिन. मिरवणूक. धो धो. माझा लोकरी पोशाख भिजून ओल्या मेंढीसारखा वास यायला लागला. बँडवाल्यांच्या पिपाण्यांतून पाणी. शाळेतली पोरं छत्रीखाली झेंडे हलवतायत, म्हणजे छत्र्याच हलतायत.
मी गेल्या वर्षीच्या मिरवणुकीचा फोटो पाठवला. लख्ख ऊन, मी आणि ओडवार, हातात झेंडे. छान.
दहा मिनिटांत तोरुनचं उत्तर: बाबांची दाढी कुठे गेली?
दाढी त्याने थंडीत वाढवली. हे माझ्या लक्षातच आलं नाही. माणूस रोज समोर असला की दिसत नाही.
कळवलं: काढली. उन्हाने खाज सुटत होती.

१८ मे
ओडवार दाढी काढायला तयार नाही. म्हणाला, जिंदगीत पहिल्यांदा मला स्वतःचं काहीतरी होतं. मी म्हटलं, नात हवी की दाढी? न्हाणीघरात गेला. बाहेर आला तेव्हा हनुवटी उकडलेल्या बटाट्यासारखी. दिवसभर माझ्याशी बोलला नाही. तसा एरवीही बोलत नाही, पण आज मुद्दाम.

२१ मे
गुनिलाने सगळ्यांना काय पाठवलं असेल? पावसाचा आवाज! तिच्या पत्र्यावरचा. चित्र नाही काही नाही, नुसतं तडतड तडतड. वर लिहिलंय, तुवासाठी.
इतकी सुखी बाई, पण अक्कल नाही. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेय आणि वर त्याचा आवाज पाठवतेय. आज मला तिचा अजिबात हेवा वाटला नाही. दालचिनीचे दोन बन खाल्ले.

२४ मे
पुढची खोली रिकामी केली. ओडवारचे मासेमारीचे गळ माळ्यावर. पडदे पिवळे लावले, म्हणजे बाहेर काहीही असो, आत ऊन वाटतं.
ओडवार जेवताना आपणहून बोलला. म्हणाला, ब्योर्ग, तिला सांगून टाक ना पाऊस पडतो म्हणून. ती पावसातच जन्मलीय, तिला का माहीत नाही? आणि मलाही रेनकोट घालून घरात हिंडता येईल.
मी म्हटलं, तू माशाचे काटे काढ.

२७ मे, दुपारी
फोन आला.
गोथेनबर्गला जातायत.
मी म्हटलं, अगं पण तिथे पाऊस! ती म्हणाली, म्हणूनच तर. मला काही कळेना. मग तिने सांगितलं. एप्रिलमध्ये तुवाला बाहेर फिरवताना सर आली. टपावर पाणी वाजायला लागलं आणि पोर झोपली. गाढ. सर थांबली, जागी झाली. मग यांनी नळ सोडून पाहिला, टपावर तांदूळ टाकून पाहिले, काही नाही. गुनिलाने आवाज पाठवला तेव्हा जरा डोळे मिटले, पण खरा पाऊस तो खरा. स्टॉकहोमला या महिन्यात थेंब नाही.
मी म्हटलं, मग मला विचारायचं ना!
म्हणाली, विचारलं होतं आई.

ताबडतोब सांगितलं, पडतो! आता पडतोय! सतरा तारखेला पडला, काल पडला, मोज्यांचे ढीग आहेत लॉन्ड्रीत! तिचा आवाज थकलेला होता, रागाचा नव्हता. म्हणाली, मला माहीत आहे गं. मी तिथेच वाढलेय. मला वाटलं होतं तू म्हणशील, ये बाई, हवा तेवढा पाऊस आहे. तू मला चष्म्यातले बाबा पाठवलेस. गुनिला निदान जे आहे ते सांगते. पोर सोपवायची, आई. नीट झोपली का विचारलं तर मला खरं उत्तर पाहिजे.
मी म्हटलं, पोर तापली तरी मी लपवीन असं वाटतं का तुला?
ती म्हणाली, घर घेतलंय. गुनिलाच्याच गल्लीत.

२८ मे
पावसाचे फोटो पाठवले. पन्हळ, डबकी, रेनकोटमधला ओडवार समोरून, बाजूने. तोरुनने अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

३० मे
गुनिलाचा फोन. मुद्दाम मला एकटीला. घ्यायचा नाही ठरवलं होतं, घेतला.
म्हणाली, ब्योर्ग, रागावू नकोस. एक सांगू? तुझे फोटो पाहून माझा जीव असा जळायचा! रोज तेच ऊन, तेच निवांत ओडवार. मी आपली या व्हरांड्यात बुरशी पुसत बसलेली. नवरा गेल्यापासून ती सफरचंदंही गळून कुजतात, खायला कुणी नाही.
बाईला माझा हेवा वाटत होता. मला! म्हटलं, चालायचंच.
मग म्हणाली, मुलं इकडचं घर लावून झाली की जुलैत पंधरा दिवस तुझ्याकडे येऊ का? हाडं शेकायची आहेत.
मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? अंगणातल्या खुर्चीचंही विचारून घेतलंन.
ओडवारला सांगितलं. त्याने चमचा खाली ठेवला आणि हसला. लग्नानंतर इतका हसलेला आठवत नाही. दाढी परत वाढवणार म्हणाला.

२ जून
सुट्टी. पाऊस. पुढच्या खोलीचे पडदे उतरवले, गळ खाली आणले. बाबागाडी परत घ्यायला ती विकणारी बाई तयार नाही.
ताडपत्री ओढून काढली. आता कुणासाठी कोरडी ठेवायची? कॉफी घेऊन मागच्या दारात बसले. टपावर पाऊस वाजत होता. आधी बारीक, मग जोरात, मग एकसारखा. सहज दांड्यावर हात ठेवला, जरा हलवली. तोरुनच्या वेळी अशीच बसायचे. तेव्हा कुणी विचारत नसे हवा कशी आहे.
कधी डोळा लागला कळलं नाही. उठले तेव्हा कॉफी गार आणि पाय भिजलेले.
पाचव्या तारखेचं राहिलं होतं, लिहून टाकते. बर्गन: पाऊस. मोठा, गोल, लाकडावर पडल्यासारखा. गुनिलाच्या पत्र्यावर असा वाजतच नसणार. शक्यच नाही.