श्राद्धाच्या दिवशीचं गाणं

डोंबिवली, शुक्रवार

प्रिय उषाताई,

वाकून नमस्कार. मी बरी आहे, गोळ्या वेळेवर घेते. तुझा गुडघा कसा आहे?

तक्रार एकच. पंधरा तारखेला ह्यांच्या वर्षश्राद्धाची तिथी, आणि माझी नात क्षिप्रा त्याच दिवशी ठाण्यात बँडबरोबर गाणार! गाणं कसलं? गिटार गोड वाजते आणि ही घशातून गुरगुरते. डेथ मेटल म्हणे. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी हिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं असतं.

"त्या दिवशी असलं काही चालणार नाही," मी बजावलं.

"आजी, एकदा पूर्ण ऐक आणि मग नाही म्हण. आजोबांवरच लिहिलंय."

ऐकलं. अगं ताई, शेवटच्या आठवड्यात ह्यांचा श्वास घरघरायचा ना, अगदी तोच आवाज. मला ते सोसवायचं नाही, मी उठून देवघरात जाऊन बसायचे. त्यांच्या उशाशी ही पोर असायची.

मी हो म्हटलं. श्राद्ध सकाळी, गाणं संध्याकाळी. तू सकाळी नक्की ये. संध्याकाळी थांबायचा आग्रह नाही, तुला ते ऐकवणार नाही. मला मात्र या वेळी उठून जायचं नाही.

तुझी धाकटी,
शरयू