दीड किलोमीटर

मंगळवार, १२ मार्च

सकाळी प्रुफं वाचली. दुपारी तालुका कचेरीत जाऊन आलो. आता साडेपाच वाजलेत.

ती. अक्का,

नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवा. माझी तब्येत बरी आहे. जेवण वेळेवर होतं (चवीचं विचारू नका). तुमच्या धाकट्या बहिणीला जाऊन उद्या तीन महिने होतील. शाळेतून निवृत्त झाल्यावर सहा वर्षं गावोगाव सायकलने हिंडून तिनं लिहिलेलं ‘आपला तालुका : इतिहास आणि भूगोल’ या आठवड्यात छापायला जायचं आहे. ते तिनं लिहिलं तसंच बाहेर यावं एवढंच माझ्या मनात होतं, आणि सगळ्यात मोठा घोळ मीच घातला.

इतिहासाबद्दल कोणाची तक्रार नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्या राजांना हिनं एक पान दिलंय आणि विहिरींना नऊ (त्यातलं सबंध पान एकाच विहिरीच्या पाण्याच्या चवीवर आहे). भानगड भूगोलात निघाली. पुस्तक कचेरी छापणार आणि शाळांना वाटणार. तिथल्या साहेबांनी अंतरांचा तक्ता पाहिला आणि ही अंतरं कचेरीपासून का नाहीत, असं मला विचारलं. मी जमीन मोजणी खात्यात एकतीस वर्षं नकाशे काढले, पण माझ्या ध्यानात आलं नव्हतं. हिनं छप्पन्न गावांची अंतरं आमच्या घराच्या दारापासून मोजली होती. साहेब म्हणाले, दुरुस्त करा, नाहीतर छापता येणार नाही.

घरापासून कचेरी पूर्वेला दीड किलोमीटर. मी एका बैठकीत छप्पन्न गावांत दीड-दीड मिळवून मोकळा झालो. पूर्वेकडच्या गावांतून तो वजा करायचा असतो, हे चौथीतल्या मुलालाही कळलं असतं. (ही असती तर तिनं नुसतं चष्म्यावरून बघितलं असतं.) प्रुफं तपासणीसाठी शाळांतून फिरली, आणि आज मी कचेरीत पोचलो तर कचेरीपलीकडच्या गावचे हेडमास्तर आधीच येऊन बसलेले. त्यांचं गाव कचेरीपासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. मी ते साडेतीनवर नेऊन ठेवलं होतं.

“काका,” ते साहेबांसमोरच म्हणाले, “इथला शिपाई खोकला तर आमच्या वर्गात ऐकू येतं. आम्हाला एवढं लांब का टाकलंत?”

मी उभ्याउभ्याच चूक कबूल केली आणि तक्ता पुन्हा करून देतो म्हणालो. तर हेडमास्तर नको म्हणाले. ही त्यांच्या शाळेत पहिल्यांदा गेली तेव्हा घाम पुसत म्हणाली होती म्हणे, माझ्या दारापासून बरोबर दोन. त्यांना तो दोनच हवा होता. साहेबांनी तक्ता पुन्हा जवळ ओढला.

मग म्हणाले, “बाई घरातून निघायच्या, कचेरीतून नाही. राहू द्या त्यांचे आकडे. खाली तशी एक ओळ घाला.”

मी तिथेच ओळ घातली. ‘सर्व अंतरे लेखिकेच्या घराच्या दारापासून.’

घरी सगळ्यांना नमस्कार सांगा.

तुम्हीच नाव ठेवलेला,
नकाशेबुवा

ता. क. साहेबांना शुक्रवारपर्यंत लेखिकेचा परिचयही हवा आहे, दहा ओळी. मी कालपासून बसलोय. एवढंच झालंय: ‘स्थान: स्वयंपाकघराची खिडकी. उंची: पाच फूट एक इंच. हवामान: सकाळी कडक, दुपारनंतर निवळणारे.’ हे छापता येणार नाही. तुम्ही तिला माझ्या आधी बावीस वर्षं ओळखता. लिहाल का?

पुन्हा ता. क. टपालाने पाठवू नका, घेऊनच या. नाही लिहून झालं तरी या. मागची खोली झाडून ठेवली आहे.

आता चहाचा कप विसळतो, पाकीट चिकटवतो आणि टपालपेटीत टाकून येतो.