उत्तरेकडच्या खिडकीची फुटलेली काच

प्रति,
मा. बांधकाम तपासणी अधिकारी,
काउंटी कार्यालय, ड्रमकेली, आयर्लंड.

विषय : बालीकारिग येथील माझ्या नवीन घराची हवाबंदपणाची चाचणी पुढे ढकलणेबाबत.

संदर्भ : उत्तरेची खिडकी उघडती करण्यासाठी मी केलेले तीन अर्ज व आपली तीन उत्तरे.

महोदया,

मी, खाली सही करणार कॉर्मॅक डेव्हनी, विनंतीपूर्वक कळवतो की :

१. आमच्या जुन्या दगडी घरात भिंतींना ओल होती आणि माझी आई हनोरा हिच्या छातीत कफ. दोन्ही दर हिवाळ्यात वाढत. म्हणून नवीन घराच्या भिंती कशाच्या असाव्यात याचा मी वर्षभर अभ्यास केला. लाकडी सांगाडा पाहिला, दुहेरी भिंत पाहिली, आणि शेवटी थर्माकोलचे पोकळ ठोकळे रचून त्यांच्या पोटात काँक्रीट ओततात ती पद्धत निवडली. फट नाही, ओल नाही, आतली ऊब आतच. गावात "डेव्हनी फ्रिज बांधतोय" अशी चेष्टा झाली. आईने ठोकळा हातात घेऊन विचारले, "टीव्हीच्या खोक्यातून निघतं तेच ना हे? आणि यात मला ठेवणार होय रे?" पण काँक्रीट ओतायच्या दिवशी शेतात खुर्ची टाकून तीच बसली होती, आणि पंपवाल्यांना चहा नि हॅमची सँडविचेस तिनेच खाऊ घातली.

२. घोळ झाला तो खिडकीत. आईला जिना चढवत नाही, म्हणून तिची खोली तळमजल्यावर, उत्तरेला. वारा नको म्हणून त्या खिडकीची काच आराखड्यात कायमची बंद दाखवली, आपण तो मंजूर केला, आणि मंजूर आराखड्यात लेखी परवानगीशिवाय बदल करता येत नाही. आई खोली बघायला आली, खिडकीची मूठ शोधू लागली आणि मटकन पलंगावर बसली. "मग मी जाऊ कुठून?" आमच्याकडे माणूस गेले की त्याच्या खोलीची खिडकी उघडतात, जिवाला वाट मिळावी म्हणून. हे आपणास मी सांगायला नको. आपल्याही घरी कोणीतरी उठून ती उघडलीच असेल. भिंती निवडताना मी फक्त जिवंत माणसांचा विचार केला. खिडकी उघडती होईपर्यंत या घरात राहायला येणार नाही, असे आईने बजावले, आणि ती जुन्या ओलीत खोकत राहिली.

३. माझ्या पहिल्या अर्जास आपण कळवले की स्वयंपाकघराची खिडकी उघडते, ती वापरावी. मी ते वाचून दाखवले. आई म्हणाली, "अख्खा जन्म स्वयंपाकघरात गेला. मेल्यावरसुद्धा तिथूनच जाऊ?" दुसऱ्या अर्जास आपण कळवले की घरात हवा खेळती ठेवणारे यंत्र अहोरात्र चालू असते, सबब वेगळ्या वाटेची गरज नाही. आईने यंत्राची सगळी माहिती विचारून घेतली. "त्या नळीला जाळी आहे म्हणतोस. जिथं माशी अडकते तिथून मी कशी जाणार, बाबा?" तिसऱ्या अर्जास आपण बदलाचे कारण तांत्रिक स्वरूपात मागितले. ते लिहायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. माझ्याच्याने जमले नाही.

४. जानेवारीतल्या गारठ्यात जुन्या घराचे नळ फुटले. मी आईला ब्लँकेटमध्ये गुंडाळून उचलून नव्या घरात आणले. ती भांडली नाही, फक्त विचारले, "परवानगी आली का रे?" मी म्हणालो, येईल. "सरकारचं काही वेळेवर आलंय का कधी!" पण त्या खोलीत तिने कित्येक वर्षांनी भर हिवाळ्यात अंगातला स्वेटर काढला, आणि स्वतःच्या उघड्या दंडांकडे बघून लाजून हसली. खोकलाही जरा कमी झाला होता. भिंतींबद्दल माझी काहीएक तक्रार नाही.

५. गेल्या रविवारी सकाळी, रेडिओवरची प्रार्थना संपता संपता, आई गेली. मी उठलो आणि सवयीने खिडकीकडे हात नेला. तिथे मूठ नव्हती. मग मी हातोडा आणला. आपल्या नियमांप्रमाणे काच तीनपदरी आहे. पहिला पदर लगेच फुटला, दुसराही. तिसऱ्याला वेळ लागला. मी रडत होतो, घाव नीट बसत नव्हते. तेवढा वेळ ती थांबली असेल, असे मी धरून चालतो.

६. तरी येत्या गुरुवारची चाचणी पुढे ढकलावी, ही विनंती. आपली माणसे पंखा लावून घरातल्या फटी शोधतात. यावेळी त्यांनी तसदी घेऊ नये, भोक कुठे आहे ते मी दाखवीन. दंड लावणे असल्यास लावावा. रिवाजाप्रमाणे ही खिडकी तासा-दोन तासांनी पुन्हा लावून घ्यायची असते, नाहीतर गेलेला जीव मागे फिरतो असे म्हणतात. शेजारचा डेक्लन त्याच संध्याकाळी फळी आणि खिळे घेऊन आला होता. मी त्याला चहा पाजून फळीसकट परत पाठवले. खोली गार पडली आहे. मी कोट घालून तिथेच बसतो.

परवानगीविना वागलेला, तरी आपला नम्र,

(सही)
कॉर्मॅक डेव्हनी
बालीकारिग, दि. ४ फेब्रुवारी

सोबत :
१) मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
२) नवीन काच मागवल्याची पावती : जोडलेली नाही. काच अद्याप मागवलेली नाही.